दाढीची किटली

माझ्या थोरल्या साडूंच्या गालावर खुंट पाहिलेला माणूस अख्ख्या कोल्हारात शोधून सापडणार नाही. मी पाहिलेत, तेही दोनदाच, आणि दोन्ही वेळा शेवटी नदीवर जायची पाळी आली. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चार एकर ऊस, दोन म्हशी आणि एक वस्तारा एवढा त्यांचा संसार, आणि त्यात वस्ताऱ्याचा मान पहिला. देवपूजा नंतर, धार नंतर, चहा तर त्याच्याही नंतर. सकाळी सहाला अंगणातल्या लिंबाला टांगलेल्या आरशासमोर ते उभे राहिले की म्हशीसुद्धा हंबरायच्या थांबतात, असं ते छातीठोकपणे सांगायचे. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, ती म्हणायची की म्हशी हंबरतच असतात, ह्यांनाच त्या वेळी काही ऐकू येत नाही.

त्या दाढीचा सगळा जीव एका भांड्यात होता. जाड पांढऱ्या चिनी मातीचं, कडेला निळी रेघ, एका अंगाला कान आणि दुसऱ्या अंगाला ब्रश आत जाईल एवढी रुंद तोटी. पोटात कढत पाणी भरायचं, तोटीतून ब्रश बुडवून काढायचा आणि वरच्या खोलगट वाटीत साबणावर फिरवायचा. खालच्या पाण्याच्या उबेनं वरचा फेस शेवटच्या हातापर्यंत गरम राहायचा. साडूंचे वडील, आण्णा, कालव्यावर पाटकरी होते. शेतांना पाणी सोडायचं काम. तिथल्या बंगल्यातल्या कुण्या साहेबानं बदली होताना हे भांडं त्यांना दिलं, की साहेब विसरून गेला आणि आण्णांनी त्याला आठवण करून दिली नाही, यावर घरात दोन मतं होती. भांड्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे त्याला दाढीची किटली म्हणायचे.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी उठून ओट्यावर आलो तर समोर किटली, तोटीतून वाफ निघतेय, वर फेस आलाय. नव्या पाहुण्यासाठी म्हशीच्या दुधाचा चहा ठेवलाय असं समजून मी बाजूच्या कपात ओतला आणि एक मोठा घोट घेतला. साडू अर्ध्या तोंडाला फेस लावून लिंबाखाली उभे होते. आरशातूनच माझ्याकडे बघत ते शांतपणे म्हणाले, "पाव्हनं, साखर घालायची ऱ्हायलीय बगा त्यात." पुढची वीस-बावीस वर्षं घरात कुणाचंही लग्न, बारसं काहीही असो, हा किस्सा आधी व्हायचा आणि मग जेवणाची पानं मांडली जायची.

पण त्याच दिवशीची दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. दुपारी निघताना मी ओट्याच्या कडेला बसून चपला घालत होतो. किटली तिथंच होती. सहज हात लागला आणि चटका बसला. मी विचारलं, "साडूभाऊ, परत पाणी भरलं का हिच्यात?" ते म्हणाले, "छ्या! सकाळचंच हाय." मी म्हटलं, "अहो, दोन वाजलेत." त्यावर ते किटलीकडे एखाद्या गुणी जनावराकडे बघावं तसं बघत हसले आणि म्हणाले, "तिला घाई न्हाई. आन्नांची दाढी व्हायची हाय अजून." मातीचं भांडं जाड असलं की ऊब धरतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. संगमनेरला घरी येईपर्यंत बोटाला फोड आली होती.

साडू माणसाची पारख गालावरून करायचे. गावात नवा ग्रामसेवक आला, कसा आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "मानूस बरा हाय, पन हनवटीखाली कामचुकारी करतो." दाढी राखणाऱ्या तरुण पोरांना ते "तोंडाला कुंपन घातलंय, आत काय पीक हाय कुनाला ठावं" असं तोंडावर ऐकवायचे. न्हाव्याच्या दुकानाची पायरी ते कधी चढले नाहीत. परगावी जायचं तर कपड्यांआधी टॉवेलात गुंडाळलेली किटली पिशवीत जायची. शिर्डीला आमच्या एका भाच्याचं लग्न होतं, तेव्हा पहाटे पाचला लॉजच्या जिन्यात हे किटली घेऊन कढत पाणी शोधत फिरत होते. दर्शनाला निघालेल्या एका आजीबाईंनी तीर्थच समजून ओंजळ पुढं केली. साडूंनी क्षणभर विचार केला आणि तोटीतून दोन थेंब ओंजळीत सोडले. आजीबाई ते डोळ्यांना लावून निघून गेल्या. "न्हाई कसं म्हनायचं?" साडू मला म्हणाले. "आन् पानी काय वाईट हाय का!"

एवढ्या तपश्चर्येनंतरही त्यांच्या दाढीत एक खोट होती. लहानपणी बैलगाडीवरून पडून त्यांचं उजवं मनगट वाकडं बसलेलं, त्यामुळे हात एका ठिकाणी वळायचाच नाही. स्वतःची दाढी करोत की दुसऱ्याची, डाव्या कानाच्या पाळीखाली फेसाचा हरभऱ्याएवढा ठिपका हमखास राहायचा. आक्का रोज चहाचा कप पुढं करताना दुसऱ्या हातानं पदराचं टोक घेऊन तो पुसायची आणि म्हणायची, "इतकी वर्सं सांगतीय, कानाखाली बगत जावा." ते रोज "व्हय व्हय" म्हणायचे. तिनं सांगायचं थांबवलं नाही, त्यांनी ठेवायचं थांबवलं नाही. नवराबायकोत एवढं एकच भांडण मी पाहिलं.

दुसरी दाढी आण्णांची. अर्धांगाचा झटका येऊन आण्णा खाटेला खिळले, त्याला सहा वर्षं झाली होती. बोलणं तोंडातल्या तोंडात, उजवा हात निकामी. पण सकाळी किटलीचा आवाज आला की मान आपोआप वर करायचे. साडू आधी त्यांची दाढी करायचे, मग आपली. आण्णांचा ब्रश वेगळा, लाकडी मुठीचा. गरम फेस गालाला लागला की म्हातारा डोळे मिटून घ्यायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर जे सुख दिसायचं ते मी देवळात बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरसुद्धा पाहिलेलं नाही. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. पाऊस असो, कारखान्याला ऊस जायचा असो, स्वतःला ताप असो.

एक दिवस चुकला तो माझ्यामुळे. संगमनेरला माझं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. ते मी नव्या जागेत हलवलं, त्या पूजेला साडूंनी सकाळच्या पहिल्या एसटीनं यायचं असा मीच हट्ट धरला होता. निघायच्या गडबडीत आण्णांनी हाक मारली. शब्द धड फुटत नव्हते, पण डावा हात गालावरून फिरवून दाखवला. साडू चपला घालत म्हणाले, "आन्ना, आज गाडी चुकल. उद्या करू." ते माझ्याकडे पूजेला आले, तीर्थप्रसाद घेतला, जेवायला बसले आणि पहिला घास हातात असताना फोन वाजला. आण्णा गेले होते. पाहुणेमंडळी लांबून येईपर्यंत संध्याकाळ झाली. घाईघाईत अंघोळ घातली, पण दाढीचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि साडू तर भिंतीला टेकून नुसते बघत बसले होते. म्हातारा पांढऱ्या खुंटांसकट गेला.

सुतकाचे दहा दिवस घरातल्या पुरुषांना दाढी नाही. साडूंच्या गालावर खुंट मी पाहिले ते त्या दिवसांत पहिल्यांदा. पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो तर दारात कुणी अनोळखी माणूस बसलाय असं वाटून मी त्यालाच विचारलं, "साडूभाऊ आहेत का घरात?" एरवी ते पोट धरून हसले असते. ते नुसते म्हणाले, "हाय की. बसा." मग म्हणाले, "पाव्हनं, म्या उद्या म्हनलो हो त्यांना." पूजा माझी होती.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर सगळे जमलो. न्हाव्यानं साडूंचं डोकं, मिशा, सगळं उतरवलं. पिंड मांडला. समोरच्या बाभळीवर कावळे होते, चांगले दहा-बारा. पण एकही खाली उतरेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ते एकेकानं पुढं होऊन बोलायचं आणि पुरी करतो म्हणून शब्द द्यायचा. साडूंचे चुलतभाऊ म्हणाले, "आन्ना, जमिनीचे तुकडे करनार न्हाई." कावळे जागेवर. आत्या म्हणाल्या, "नातवाचं लगीन थाटात करू." कावळ्यांनी तोंडं फिरवली. कुणी तंबाखूची पुडी ठेवली, कुणी पेढा. कुणी म्हणालं, कालव्याला पाणी वेळेवर सुटंल, काळजी करू नका. ते म्हणणारा पाटबंधाऱ्यातला होता, त्यामुळे कावळ्यांनी विश्वास ठेवला नाही यात मला नवल वाटलं नाही. गुरुजी घड्याळ बघून दर्भाचा कावळा करायला लागले.

तेव्हा साडू पुढं झाले. चकोट डोकं, पायात वाळू. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आन्ना, तुमची दाढी म्या रोज करीन. एक दिस चुकायचा न्हाई." खोटं कशाला सांगू, त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत बाभळीवरून एक कावळा सुटला, सरळ पिंडावर आला आणि चोच मारली. घरी परतताना चुलतभाऊ माझ्या कानाशी लागले, "पाव्हनं, पन मेलेल्या मानसाची दाढी करायची कशी वो?" हा विचार शब्द देणाऱ्यानं केलेलाच नव्हता.

रात्रभर करून उत्तर सापडलं असावं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात हजर झाले, मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला आण्णांचा फोटो घेऊन. मी चांगली रुंद सागवानी फ्रेम घातली, वर काच. ते म्हणाले, "काच घट बसवा. पानी लागनार हाय." मला वाटलं, पावसात घर गळत असेल. मी मागून दोन थर पट्टी मारून दिली.

दोनेक महिन्यांनी मुक्कामाला गेलो तेव्हा कळलं. सकाळी सहाला लिंबाखाली खुर्ची. खुर्चीवर आण्णांचा फोटो, आणि फ्रेमच्या खालच्या कडेला टॉवेल खोचलेला, अगदी गळ्याला बांधतात तसा. साडूंनी किटलीत कढत पाणी भरलं, लाकडी मुठीचा ब्रश बुडवला आणि काचेवर आण्णांच्या गालांवरून, हनवटीवरून फेस फिरवायला लागले. मग वस्तारा उलटा धरून त्याच्या पाठीनं तो फेस काढू लागले. मला आधी हसू फुटलं. मी तोंडाला रुमाल लावला. आक्का आतून ओरडली, "हसा, हसा दाजी! जित्या मानसाला च्या न्हाई आजून, आन् तिकडं बगा कवतिक!" तरी तिनं बोलताना पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता, सासऱ्यांसमोर घेतात तसा.

मग मला आवाज ऐकू आला आणि माझं हसू जागच्या जागी आटलं. तीस वर्षं मी काचा पुसतोय. ओल्या काचेवरून पातं फिरलं की कसा सुळकन आवाज येतो ते मला झोपेतही कळेल. हा तो आवाज नव्हता. हा खर्र, खर्र असा होता, कातडीवरचा. मी उठून जवळ गेलो. साडू वस्तारा ज्या पाण्याच्या वाटीत धूत होते, तिच्यात फेसावर पांढरे बारीक खुंट तरंगत होते, रव्यासारखे. साडूंचे स्वतःचे केस तोवर काळेभोर होते. आणि आण्णांच्या काचेवर डाव्या कानाखाली फेसाचा ठिपका राहिला होता. मी हळूच विचारलं, "साडूभाऊ, हे काय आहे?" ते म्हणाले, "काय म्हंजी? दाढी."

त्यानंतर त्यांनी मला खाली बसवलं आणि जरा गंभीरपणे सांगितलं. "पाव्हनं, येक दिस चुकला तर आन्ना पुन्ना त्या घाटावर जाऊन बसत्याल. वाट बघत. लई वाट बघायला लावलीय म्या त्यांना." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्या माणसाची इतकी माया वाटली आणि त्या खुर्चीची इतकी भीती वाटली की मी दोन्ही लपवायला चहा मागितला, आणि तो कपात आलाय ना हे आधी नीट बघून घेतला.

नऊ वर्षं त्यांनी शब्द पाळला. गाव आधी हसलं, मग सवयीचं झालं, मग तर लोक सकाळी त्यांच्या फाटकावरून जाताना पायातल्या चपला न वाजवता जाऊ लागले. मुलगा पुण्याला नोकरीला, तो सुट्टीत आला की म्हणायचा, "बाबा, आता पुरे." साडू म्हणायचे, "तुजी बी करू का? ये, बस." परगावी मुक्काम त्यांनी बंदच केला. शिर्डी नाही, लग्नं नाहीत, संगमनेरला माझ्याकडे यायचं तरी सकाळी आण्णांचं उरकून यायचं आणि संध्याकाळी परत. मी चिडवायचो, "साडूभाऊ, आण्णांना मोबाईल घेऊन द्या, तुम्ही कुठं आहात ते तरी कळेल." ते म्हणायचे, "त्यांना ठावं असतंय."

आणि मग गेल्या वर्षी उसाला पाणी धरताना छातीत कळ आली. संगमनेरच्या दवाखान्यात आणलं. आक्का सोबत, मुलगा पुण्याहून आला, घराला कुलूप, म्हशी शेजाऱ्यांकडे. तीन दिवस अतिदक्षता विभागात कुणाला आत सोडेनात. चौथ्या दिवशी वॉर्डात हलवलं, तेव्हा मी आत गेलो आणि दारातच थबकलो. गालावर चार दिवसांचे खुंट, सगळे पांढरे. मला एकदम आण्णाच दिसले. नळ्या लावलेला हात उचलून त्यांनी माझं मनगट धरलं. "पाव्हनं, आन्नांचे चार दिस ऱ्हायले. आजचा बी निम्मा गेला. तुमी जावा. ही करनार न्हाई, सासरा हाय तिचा. पोराला जमायचं न्हाई. तुमी जावा. आन् येताना किटली घिऊन या."

मी भित्रा माणूस आहे. पण नाही म्हणायला जीभ धजेना. मोटारसायकल काढली, लोणीवरून कोल्हार गाठलं. दुपारचं लख्ख ऊन होतं. कुलूप काढून आत गेलो. घर चार दिवस बंद होतं, कोंदट वास येत होता. भिंतीवर आण्णांचा फोटो. जबड्याच्या कडेकडेनं काहीतरी पांढरट धरलं होतं. माझ्या धंद्यात ओल आत शिरली की फोटोवर बुरशी चढते. मी स्वतःला म्हटलं, बुरशी आहे. फ्रेम उतरवली. मागची पट्टी मी मारली होती तशीच घट्ट होती. मग मी काचेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला टोचलं.

देवाशपथ, मी फ्रेम ठेवून पळणार होतो. पण डोळ्यांसमोर साडूंनी धरलेलं मनगट आलं. किटली ओट्यावर होती. तिच्यात पाणी भरायला म्हणून उचलली तर ती जड लागली. आत पाणी होतं. चार दिवसांपूर्वीचं. तोटीत बोट घातलं, आणि ते गरम होतं. दाढीला लागतं तेवढंच, बेताचं गरम. आता बोला! मी मोठ्यानं मारुतीचं नाव घेत घेत आण्णांना लिंबाखाली खुर्चीवर बसवलं, टॉवेल खोचला आणि दाढी केली. खर्र, खर्र. एकदा जरा जोरात फिरलं तेव्हा मी "माफ करा आण्णा" म्हणालो, खरंच म्हणालो. झाल्यावर काच पुसली. माझं मनगट सरळ आहे, त्यामुळे कानाखाली काही राहिलं नाही. पण ते बघून मलाच कसंतरी झालं, काहीतरी चुकल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली घेऊन दवाखान्यात गेलो. आक्का म्हशींकडे बघून यायला पहाटेच कोल्हारला गेली होती, मुलगा औषधं आणायला खाली. साडूंनी विचारलं, "झाली?" मी म्हटलं, "झाली. लोण्यासारखी." त्यांनी डोळे मिटले. मग गालावरून हात फिरवून म्हणाले, "मंग आता माजी करता का?"

माझं दुकान उघडायचं होतं. अकराला एका लग्नाच्या आठ फ्रेमा द्यायच्या होत्या. माणूस चांगला बोलत होता, डॉक्टरांनी दोन दिवसांत घरी सोडतो म्हणून सांगितलं होतं. मी म्हणणार होतो, "उद्या करू." खरंच, तो शब्द जिभेवर आला होता. आणि त्याच वेळी माझ्या मांडीवर धरलेली किटली एकदम गरम लागायला लागली. मी तिच्यात पाणी घातलेलं नव्हतं.

मी शब्द गिळला. कॅन्टीनमधून कढत पाणी आणलं, फेस केला. सिस्टर येऊन ओरडल्या, "काका, हे काय चालवलंय? हे हॉस्पिटल आहे!" मी म्हटलं, "बाई, पाच मिनिटं द्या, मग हवं तर मला पण भरती करा." फेस गालाला लागला तसे साडू डोळे मिटून आण्णांसारखेच झाले. मी सावकाश, एक खुंट न सोडता दाढी केली. शेवटी ते म्हणाले, "कानाखाली बगा बरं. तुमच्या मेव्हनीचा पदर न्हाई हितं." मी बघितलं, पुसलं. मग म्हणाले, "पाव्हनं, उद्यापास्नं आन्नांची काळजी करू नका. मी बगतो. आता समूरासमूर करीन." मी म्हटलं, "काहीतरी बोलू नका साडूभाऊ." ते हसले, "साखर घाला म्हनावं च्यात." आक्का दुपारच्या एसटीनं आली. त्यांच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आज लई गुळगुळीत हायेत." दिवे लागायच्या सुमाराला ते गेले.

दहाव्याला पुन्हा तोच घाट, तीच बाभळ. मी दहा दिवस एकच तयारी करत होतो. कावळा शिवला नाही तर पुढं व्हायचं आणि शब्द द्यायचा, "साडूभाऊ, आण्णांची आणि तुमची, दोघांची मी रोज करीन." पाठ केलं होतं मी ते. भीती वाटत होती तरी म्हणणार होतो. पण मुलानं पिंड ठेवून हात मागं घेतला नाही तोच कावळा आला. पंख पूर्ण मिटायच्या आत त्यानं चोच मारली. सगळे म्हणाले, "सुटला बिचारा, काही राहिलं नव्हतं." मी पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला. एवढं पाठ केलं होतं, एक शब्द बोलू दिला नाही गड्यानं.

पंधरवड्यानं साडूंचा फोटो फ्रेम करून मी कोल्हारला घेऊन गेलो. किटली दवाखान्यातून आल्यापासून आक्कानं धुऊन, कोरडी करून, कपाटात कुलपात ठेवली होती, मला दाखवली. हात लावला, साध्या मातीच्या भांड्यासारखी गार. घरात त्या दिवसापासून कुणी दाढीच केलेली नव्हती, मुलगा तर पुण्यालाच. मी स्टुलावर चढून आण्णांच्या शेजारी खिळा ठोकला आणि साडूंना टांगलं. साडू आण्णांच्याच वळणावर गेले होते, ते तेव्हा नीट दिसलं. खाली उतरून फोटो सरळ आहेत का बघायला मागं सरकलो, आणि आण्णांच्या काचेवर माझी नजर खिळली.

डाव्या कानाच्या पाळीखाली फेसाचा ठिपका होता. हरभऱ्याएवढा, ताजा. त्यातून अगदी बारीक वाफ निघत होती.

आक्का चहाचा कप घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. ती दचकली नाही. कप माझ्या हातात दिला, पदर डोक्यावरून पुढं घेतला, त्याच पदराचं टोक धरून स्टुलावर चढली आणि आण्णांच्या कानाखालचा फेस हलक्या हातानं पुसून काढला. मग शेजारच्या फोटोकडे वळून म्हणाली, "इतकी वर्सं सांगतीय, कानाखाली बगत जावा."